पेन्सिल, टेप आणि पाच वर्षं

आर्किटेक्चरला असलेले, जाऊ पाहणारे आणि नुसत्या हौसेपायी इमारती रेखाटणारे अशा तिन्ही प्रकारच्या वाचकांची पत्रं या वेळी आली आहेत. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत. सॉफ्टवेअरबद्दल बऱ्याच जणांनी विचारलंय, ते एकाच उत्तरात उरकलं आहे, कारण या वेळचा विषय हाताने काढायच्या रेषेचा आहे.

प्रश्न : एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दोन्हींना ए ग्रेड होती, पण त्यानंतर ब्रश हातात धरलेला नाही. आता बारावी सायन्सला आहे. आर्किटेक्चरला जायचं तर चित्रकला कितपत लागते? क्लास लावावा का?
— विद्यार्थिनी, सातारा

उत्तर : इंटरमिजिएटचे पेपर आठवून पाहा. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि भूमिती. यातलं संकल्पचित्र तुम्हाला सगळ्यात सुंदर वाटलं असेल, पण पुढे कामाला येतं ते स्थिरचित्र आणि घनभूमिती. समोरच्या घागरीचं तोंड तिच्या उंचीच्या किती पट आहे हे डोळ्याने ओळखता येणं आणि एक ठोकळा मनात फिरवून त्याची दुसरी बाजू कागदावर आणता येणं, एवढी शिदोरी पहिल्या वर्षाला पुरते. हुबेहूब चेहरे काढता येत नाहीत म्हणून कुणाचं काही अडत नाही.

प्रवेश परीक्षेचं म्हणाल तर २०२५ च्या नाटामध्ये चित्रकलेचा भाग ८० गुणांचा होता आणि वेळ ९० मिनिटं. रंगसंगतीची रचना २५ गुण, काळ्या-पांढऱ्यातलं रेखाटन २५ गुण आणि दिलेल्या साहित्यातून करायची त्रिमित रचना ३० गुण. स्वरूप बदलत असतं, त्यामुळे तुमच्या वर्षाचं माहितीपत्रक स्वतः वाचा. क्लासच्या जाहिरातीवर विसंबू नका.

तीन प्रश्नांना तीस-तीस मिनिटं धरली तर रेखाटनाच्या प्रश्नात पहिली पाच मिनिटं आगपेटीएवढ्या दोन-तीन चौकटींत मांडणी ठरवायला द्या, अठरा ते वीस मिनिटं रेषेला आणि उरलेली छायेला. बहुतेकांचं चित्र फसतं ते पहिल्या दोन मिनिटांत. डाव्या कोपऱ्यातून बारकावे काढत सुटतात आणि उजवीकडे पोचेपर्यंत कागद संपतो. दुसरी चूक डोळ्याच्या पातळीची. समजा प्रश्न आहे, ‘एसटी स्टँडवर पाऊस पडतोय, तुम्ही बाकावर बसला आहात.’ बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण १.२ मीटरवर असतात. म्हणजे क्षितिजरेषा उभ्या माणसांच्या छातीतून जाईल, मग ती माणसं जवळ असोत की लांब. शंभरातली बहुतेक मुलं तिथे उभ्या माणसाला दिसणारं दृश्य काढून मोकळी होतात. ‘बसला आहात’ हा शब्द प्रश्नात उगाच टाकलेला नसतो.

क्लास लावायला हरकत नाही, पण पाठ केलेली झाडं, पाठ केलेली माणसं आणि पाठ केलेला सूर्यास्त शिकवणारा क्लास असेल तर ते पैसे कागद-पेन्सिलीवर घाला. पाहून काढायची सवय एकदा मोडली की ती परत लावायला पहिलं वर्ष जातं.

प्रश्न : टू-पॉइंट पर्स्पेक्टिव्ह नियमाप्रमाणे काढलं तरी इमारत ताणल्यासारखी दिसते, पुढचा कोपरा टोकदार होतो. सर फक्त ‘डिस्टॉर्शन आहे’ म्हणतात. नेमकं चुकतं कुठे?
— प्रथम वर्ष, कोल्हापूर

उत्तर : तुमचे दोन्ही व्हॅनिशिंग पॉइंट, म्हणजे इमारतीच्या दोन बाजूंच्या मागे जाणाऱ्या रेषा जिथे मिळतात ते बिंदू, ए३ कागदाच्या आत असणार. ए३ ची लांबी ४२ सेंटिमीटर. त्यात २० सेंटिमीटर रुंदीची इमारत बसवायची आणि पॉइंटही कागदावरच ठेवायचे म्हटलं की तुम्ही इमारतीला नाक लावून उभे आहात असा अर्थ होतो. डोळ्याला एका नजरेत, न विकृत होता, साधारण ६० अंशांच्या शंकूतलं दिसतं. त्याबाहेरचं कागदावर काढता येतं, पण ते ताणलेलंच दिसणार.

तपासायला एक पक्का उपाय आहे. दोन्ही व्हॅनिशिंग पॉइंटमधलं अंतर हा व्यास धरून फिकट वर्तुळ काढा. इमारतीचा जवळचा कोपरा जमिनीला टेकतो तो बिंदू वर्तुळावर आला तर तिथला कोन कागदावर बरोबर ९० अंशांचा होतो आणि वर्तुळाबाहेर गेला की ९० हून कमी. टोकदार कोपरा तो हाच. काटकोनी इमारतीचा पुढचा कोपरा वरून पाहताना नेहमी विशालकोन दिसला पाहिजे. म्हणून इमारत वर्तुळाच्या बऱ्यापैकी आत ठेवायची. सोपा हिशेब असा, की चित्रातल्या इमारतीच्या रुंदीच्या तीन ते चार पट अंतर दोन पॉइंटमध्ये हवं. २० सेंटिमीटरच्या इमारतीला ६० ते ८०. ते कागदाबाहेरच जाणार. ड्रॉइंग बोर्डवर दोन्हीकडे टाचण्या ठोकून दोरा बांधा आणि दोऱ्याच्या रेषेत पट्टी लावा.

बाहेर बसून हाताने काढताना टाचण्या कुठून आणणार? तेव्हा जवळच्या कोपऱ्याची उभी कड आठ सारख्या भागांत विभागा. लांबच्या टोकाची उभी कड डोळ्याने मोजून काढा, तिचेही आठ सारखे भाग करा आणि जोड्या जोडा. सगळ्या रेषा आपोआप एका बिंदूकडे जातात, तो बिंदू दिसला नाही तरी. कौलं, छज्जा, सिल, जोतं, सगळं या जाळीवर बसवायचं.

डोळ्याच्या पातळीचा एक हिशेब पाठ असू द्या. उभ्या माणसाचा डोळा १.५ मीटरवर धरला आणि दार २.१ मीटरचं असलं तर क्षितिजरेषा दाराच्या उंचीचे सात भाग केल्यास खालून पाचव्या भागावर येते. त्याच जमिनीवर असलेल्या प्रत्येक दाराला हे लागू, रस्त्याच्या टोकाच्या दारालाही. पण घराला ४५ सेंटिमीटरचं जोतं असेल तर दाराच्या उंबऱ्यापासून डोळा १.०५ मीटरवर येतो, म्हणजे क्षितिजरेषा बरोबर दाराच्या मध्यातून जाते. जोतं काढायचं आणि दार मात्र रस्त्याच्या हिशेबाने बसवायचं, ही चूक इतकी सर्रास होते की शीट तपासताना आम्ही आधी तिथेच पाहतो.

एका रांगेतले खांब लांब जाताना किती जवळ येतात हे अंदाजाने काढू नका. पहिले दोन खांब आणि त्यांचा मधला खण नजरेने बसवा. दुसऱ्या खांबाचा मध्यबिंदू काढा. पहिल्या खांबाच्या माथ्यापासून त्या मध्यबिंदूतून रेषा ओढा. ती जमिनीच्या रेषेला जिथे मिळेल तिथे तिसरा खांब. असंच पुढे.

आणि मोबाइलच्या फोटोवरून काढत असाल तर निम्मा दोष फोनचा. फोनचा नेहमीचा कॅमेरा आडवा धरल्यावर सत्तर अंशांच्या आसपास रुंदीचं दृश्य घेतो, म्हणजे कडेच्या भागात ताण आधीच आलेला असतो. फोन वर तिरका धरला की उभ्या कडाही आत झुकतात. पुण्यातल्या पेठांमधल्या चार मीटरच्या गल्लीत समोरच्या भिंतीला पाठ लावून उभं राहिलं तरी ६० अंशांत जेमतेम साडेचार मीटर रुंदी मावते. तिथे अख्ख्या वाड्याचा हट्ट सोडून दिंडीदरवाजा आणि त्याच्या बाजूचा एक खण काढा.

प्रश्न : आमच्या गटाला जुन्या वाड्याचं मेझर्ड ड्रॉइंग, म्हणजे वाडा मोजून त्याचे नकाशे काढायचं काम, आहे. दोन दिवस मोजमापं घेतली, पण स्टुडिओत प्लॅन काढायला बसलो तर चौकाची चौथी बाजू मिळतच नाही. कुठे दहा, कुठे पंधरा सेंटिमीटरचा फरक येतो. परत जायला परवानगी एकाच दिवसाची आहे.
— द्वितीय वर्ष, पुणे

उत्तर : एक दिवस पुरेल, पण जाण्याआधी हातातल्या आकड्यांचा पंचनामा करा.

फरक बरोबर दहा सेंटिमीटरचा येतोय का, हे आधी बघा. फायबर टेपचं टोक झिजलेलं असलं की शून्याऐवजी १० च्या खुणेपासून मोजतात आणि नंतर दहा वजा करतात. एखाद्याने वजा करायचं विसरलं की हा फरक येतो आणि तो नेमका दहाच असतो. अशी जागा सापडली तर ती घरी बसूनच दुरुस्त होते.

दुसरी शक्यता बेरजेची. ओसरीचा प्रत्येक खण वेगळा मोजून आकडे मिळवले असतील तर प्रत्येक मापात अर्धा सेंटिमीटरची गोळाबेरीज धरली तरी बारा खणांत सहा सेंटिमीटर होतात. यावर उपाय रनिंग मापाचा. टेप एका कोपऱ्यात शून्यावर धरायची आणि न उचलता प्रत्येक खांबाची सुरुवात आणि शेवट वाचत जायचं : ०, ०.२२, १.७४, १.९६ असं शेवटच्या भिंतीपर्यंत. एखादं वाचन चुकलं तरी ते पुढच्याला बिघडवत नाही. टेप ताणून धरा. मध्ये झोळ पडला की माप खरं असतं त्यापेक्षा जास्त येतं.

तिसरी आणि बहुधा खरी शक्यता अशी की वाड्याचे कोन काटकोन नाहीतच आणि तुम्ही ते गृहीत धरले. प्रत्येक खोलीचे दोन्ही कर्ण घेतले होते का? नसतील तर त्या एका दिवसात एवढंच काम करा. उदाहरण घ्या. माजघर ३.६२ बाय ४.८५ मीटर आहे. काटकोन असते तर दोन्ही कर्ण ६.०५ आले असते. तुम्हाला मिळाले ५.९८ आणि ६.१२. फरक १४ सेंटिमीटर. म्हणजे कोन सुमारे १.४ अंशांनी चुकलाय. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण ४.८५ मीटरच्या भिंतीच्या टोकाला जाईपर्यंत ती भिंत सुमारे १२ सेंटिमीटर सरकते आणि १:५० च्या शीटवर ते २.३ मिलिमीटर होतात. चौकाभोवती अशा चार-पाच खोल्या असल्या की चौथी बाजू कशी मिळेल? शीटवर काढताना सेट स्क्वेअर बाजूला ठेवा. एक भिंत पाया धरा आणि तिच्या दोन टोकांपासून कंपासने बाजू आणि कर्ण यांचे चाप मारून पुढचे दोन कोपरे मिळवा. चौथ्या बाजूचं माप मग तपासणीसाठी उरतं. ते एक सेंटिमीटरच्या आत जुळलं तर खोली पक्की.

भिंतीची जाडी दाराखिडकीच्या आतून थेट मोजा. दोन्हीकडच्या खोल्यांच्या मापांतून वजाबाकी करून काढलेली जाडी सगळ्या चुका पोटात घेऊन येते. जुन्या वाड्यात तळमजल्याची भिंत आणि वरच्या मजल्याची भिंत सारख्या जाडीच्या नसतात, तेव्हा वरची वेगळी मोजायची.

उंचीसाठी पाण्याची नळी घ्या. गवंडी वापरतात तीच, पारदर्शक, बुडबुडा नसलेली. चौकाच्या एका खांबावर फरशीपासून एक मीटरवर खडूची खूण करा आणि नळीने तीच पातळी सगळ्या खोल्यांत न्या. मग उंबरा, कोनाडा, तुळई, कडीपाट, सगळ्या उंच्या या रेषेपासून वर किंवा खाली लिहायच्या. फरशीपासून मोजल्या तर फरशीचा उतार प्रत्येक मापात शिरतो. चौकाला तर पाणी जावं म्हणून मुद्दाम उतार दिलेला असतो.

आता कच्च्या स्केचकडे वळू, कारण खरं तर गाडी तिथेच अडते. एका ए३ वर अख्खा वाडा काढून त्यात आकडे कोंबले की दुसऱ्या दिवशी कुठला आकडा कुठल्या कडेचा हेच कळत नाही. एका कागदावर एकच खोली. आधी पावलांनी मोजून प्रमाण बसवा, मग रेषा काळ्यात, मापं लालमध्ये. खांबाचं उथळं (खांबाखालचा दगड), तुळईखालचं कोरीव काम, दाराची कडी यांची स्केचं वेगळ्या कागदांवर १:५ किंवा जमेल तिथे खऱ्या मापाची काढा. पेशवेकालीन वाड्यांतल्या सुरूदार (सुरूच्या झाडाच्या आकाराच्या) खांबाचा फुगवटा नुसत्या पाहण्याने कधीच बरोबर येत नाही. बाजूला ओळंबा सोडा आणि दर दहा सेंटिमीटरला दोरीपासून खांबाचं अंतर घ्या, आकार आपोआप मिळतो.

टेपला दोघं आणि लिहायला तिसरा. लिहिणाऱ्याने प्रत्येक आकडा मोठ्याने परत म्हणायचा. गर्दीच्या रस्त्यावरच्या वाड्यात ‘तीन बावीस’ आणि ‘तीन बत्तीस’ सारखेच ऐकू येतात. वाड्यात लोक राहत असतील तर माजघरात आणि देवघरात शिरण्याआधी विचारा, चपला बाहेर काढा आणि दुपारी दोन ते चार टेप गुंडाळून ठेवा. त्या वेळात चौकात बसून स्केचं होतात.

हा प्रकार आजचा नव्हे. मुंबईच्या सर जे. जे. मध्ये १९२३ ते १९४३ प्राचार्य असलेल्या क्लॉड बॅटली यांनी विद्यार्थ्यांना जुन्या भारतीय इमारती मोजून काढायला लावल्या होत्या. तिथून ही रीत महाराष्ट्रातल्या कॉलेजांच्या अंगवळणी पडली.

प्रश्न : आमच्या बॅचमध्ये सगळे थेट स्केचअप आणि रेव्हिट या सॉफ्टवेअरमध्ये डिझाइन करतात. आता एआय दोन मिनिटांत रेंडर (खऱ्यासारखं दिसणारं चित्र) देतं. तरी हाताने स्केच करा असा आग्रह का? जुनी पिढी सोडायला तयार नाही एवढंच ना?
— तृतीय वर्ष, नवी मुंबई

उत्तर : आग्रह कधीकधी निव्वळ जुन्या सवयीचा असतो, हे मान्य. प्रेझेंटेशनची शीट हाताने इंक करून घेण्यात आता फारसा अर्थ उरलेला नाही. पण डिझाइन ठरवायच्या टप्प्यावर गोष्ट वेगळी आहे.

ज्युरीत, म्हणजे परीक्षकांसमोर काम मांडताना, वर्षानुवर्षं दिसणारी एक चूक घ्या. मजल्याची उंची ३.१५ मीटर, १५० मिलिमीटरच्या २१ राइज (पायरीच्या उंच्या). मुलांनी मॉडेलमध्ये तयार जिना उचलून बसवला, ११ आणि १० राइजच्या दोन फ्लाइट (पायऱ्यांच्या सलग रांगा). लँडिंग आलं १.६५ मीटरवर. स्लॅब १५० चा, म्हणजे लँडिंगखाली उरले दीड मीटर. आणि इमारतीचं मागचं दार नेमकं लँडिंगखालून! रेंडर देखणं असतं, कारण कॅमेरा समोरून लावलेला असतो. हाच जिना १:५० च्या सेक्शनमध्ये (उभ्या छेदात) हाताने काढला तर दहा मिनिटांत पेन्सिल अडते. खाली माणूस उभा काढायला जावं तर त्याचं डोकं स्लॅबमध्ये जातं. मग उपाय सुचतात. पहिली फ्लाइट १५ राइजची केली तर लँडिंग २.२५ वर जातं आणि खाली २.१ मीटर मिळतात. पण १४ ट्रेड (पाय ठेवायच्या फळ्या) गुणिले ३०० म्हणजे ४.२ मीटर लांबी लागते, प्लॅन बदलावा लागतो. किंवा खालची जमीन चार पायऱ्या, म्हणजे ६०० मिलिमीटर, खाली घ्या. तिथे मुंबईच्या पावसात पाणी साचणार, त्याची सोय करा. किंवा सरळ दार हलवा. हा सगळा विचार सेक्शन काढताना झाला. तयार जिना उचलून बसवताना तो झाला नाही.

दुसरं कारण स्केलचं. स्क्रीनवर झूम करता येतं म्हणून सगळं एकाच मापाचं वाटतं आणि साइट प्लॅन ठरायच्या आधीच मुलं बाथरूमच्या टाइल्स लावत बसतात. १:२०० ला २३० मिलिमीटरची भिंत १.१५ मिलिमीटर होते, म्हणजे जाड पेनची एकच रेघ. त्या जाडीत दाराची चौकट काढताच येत नाही आणि म्हणूनच त्या टप्प्यावर तुम्ही तिचा विचारही करत नाही. १:५० ला तीच भिंत ४.६ मिलिमीटर होते, तेव्हा चौकट, प्लास्टर, सिल यांचा विचार करणं भाग पडतं.

करायचं असं. मॉडेलमधून प्लॅन १:१०० ला प्रिंट काढा, टेबलावर टेपने चिकटवा. वर बटर पेपर पसरा. दोन कोपऱ्यांत अधिकचिन्ह मारा म्हणजे पुढचा कागद त्याच जागी बसेल. आधी कॉलम, मग फक्त येण्याजाण्याची वाट. एका कागदावर एकच प्रश्न सोडवायचा. पुढच्या कागदावर उजेड-वारा, त्याच्या पुढच्यावर शाफ्ट आणि पाइप. प्रत्येकावर तारीख आणि क्रमांक. पेन जाडच घ्या, ०.८ किंवा साधा मार्कर, बारीक पेन हातात आलं की खुर्च्या काढायचा मोह होतो. बटर पेपरवर खोडायचं नाही, तो फाटतो. चुकलं तर वर नवा कागद घ्या. पंधरा-वीस कागदांनंतर मॉडेलमध्ये शिरा. एआयची चित्रं हवी असली तर त्यानंतर काढा, म्हणजे त्यातलं काय टाकून द्यायचं हे कळेल.

साइटवर तर स्केच सुटतच नाही. सेंट्रिंगवाल्याला (स्लॅबचा साचा बांधणाऱ्याला) लॅपटॉप दाखवून काही होत नाही. शटरिंगच्या प्लायवर पेन्सिलीने सेक्शन काढून तीन मापं लिहिली की काम पुढे सरकतं.

प्रश्न : एलेव्हेशनवर (इमारतीच्या एका बाजूच्या दर्शनी चित्रावर) सावल्या रंगवल्या तर ज्युरी म्हणाले, ‘उत्तरेच्या बाजूला एवढी सावली कुठून आली?’ पुस्तकात तर सगळीकडे ४५ अंशच दाखवतात.
— नाशिक

उत्तर : दोन्ही बरोबर आहेत. ४५ अंश हा संकेत आहे. प्रकाश डाव्या खांद्यावरून येतो आणि प्लॅन व एलेव्हेशन दोन्हींत ४५ अंशांत उतरतो असं मानलं की ६०० मिलिमीटरचा छज्जा बरोबर ६०० मिलिमीटर खाली आणि तितकीच उजवीकडे सरकलेली सावली टाकतो. खिडकीची चौकट भिंतीत ११५ आत असेल तर सावली ११५, म्हणजे १:५० ला २.३ मिलिमीटर. यामुळे सावली पाहून खोली मोजता येते, म्हणून संकेत उपयोगाचा.

खरा सूर्य मात्र आपल्याकडे उत्तरेच्या भिंतीवर मार्चअखेर ते सप्टेंबर या काळातच येतो आणि तोही बहुतेक सकाळी लवकर आणि संध्याकाळी उशिरा. नाशिकला दुपारचा सूर्य मेच्या उत्तरार्धापासून जुलैच्या उत्तरार्धापर्यंत किंचित उत्तरेला असतो, पण जवळपास डोक्यावरच. शीटच्या कोपऱ्यात ‘सावल्या सांकेतिक, ४५ अंश’ एवढं लिहिलंत तर वाद मिटतो. क्लायमेटॉलॉजीच्या शीटवर मात्र संकेत चालणार नाही, तिथे सन पाथ (सूर्याच्या वाटेचा तक्ता) वापरून खऱ्या तारखेची सावली काढा.

प्रश्न : मुलगी पहिल्या वर्षाला आहे. सबमिशनच्या आधी तीन-तीन रात्री जागते. हा कोर्स असाच असतो असं ती म्हणते. खरंच असतो का?
— एक आई, डोंबिवली

उत्तर : पाच वर्षं, दहा सेमिस्टर, त्यातलं एक ऑफिसमध्ये प्रशिक्षणाचं. कामाचा बोजा खरोखर मोठा असतो. पण जागरणाचं कौतुक हा कॉलेजांमधला जुना रोग आहे आणि आम्ही त्याचं समर्थन करणार नाही.

तिच्याबरोबर बसून साधा हिशेब करा. पहिल्या वर्षाच्या हाताला एक ए१ शीट पेन्सिलीपासून शाईपर्यंत न्यायला सहा ते आठ तास सहज लागतात. पाच शीट म्हणजे तीस ते चाळीस तास. हे दोन रात्रींत बसत नाही. तेवढे तास आठवड्यात शोधायचे तर डिझाइन किमान आठ दिवस आधी थांबवावं लागतं. मुलं ते थांबवत नाहीत, आदल्या दिवशीपर्यंत प्लॅन बदलतात, कारण ‘अजून चांगलं होईल’ असं वाटत राहतं. बदललेला प्लॅन चार शीटवर दुरुस्त करावा लागतो आणि पाचवीवर हमखास राहून जातो. ज्युरीला तोच दिसतो.

तुम्ही एक नियम मात्र घरात जरूर लावा : रात्री बारानंतर कटर हातात घ्यायचा नाही. मॉडेल दिवसा करायचं, कटिंग मॅट आणि स्टीलची पट्टी घेऊन. पाच मिलिमीटरचा सनबोर्ड एका फटक्यात कापायला गेलं की जोर लावावा लागतो आणि ब्लेड सटकतं. तीन हलक्या फेऱ्यांत कापला तर कडही सरळ येते. बोथट ब्लेडचं टोक वेळीच मोडून टाकायचं.

प्रश्न : पहिल्या वर्षासाठी साहित्य काय घ्यावं? दुकानदाराने भलीमोठी यादी दिली आहे.
— नागपूर

उत्तर : चार पेन्सिली पुरतात : आखणीला २एच, नेहमीच्या रेषेला एचबी, स्केचला २बी, छायेला ६बी. पेन ०.१, ०.३, ०.५ आणि ०.८. सेक्शनमध्ये कापलेली भिंत सगळ्यात जाड, मागे दिसणाऱ्या कडा ०.३, फरशीच्या रेषा आणि मापं ०.१. हा भेद पाळला नाही की शीट सपाट दिसते, पैसे कितीही घाला. ए५ ची एक वही, कागद १५० जीएसएमच्या आसपासचा, नाहीतर शाई मागे उमटते. बटर पेपरचा रोल, दोन सेट स्क्वेअर, त्रिकोणी स्केल. मिनी ड्राफ्टर की पॅरलल बार हे कॉलेज सांगेल, तोवर थांबा. जुन्या पद्धतीचं भरायच्या शाईचं टेक्निकल पेन घेऊ नका. नागपूरच्या उन्हाळ्यात आठवडाभर पडून राहिलं की निब चोंदलीच म्हणून समजा.

प्रश्न : निवृत्तीनंतर गावातली देवळं आणि कौलारू घरं रेखाटतो. दीपमाळ वाकडी दिसते आणि कौलांचं छप्पर काढताना कंटाळा येतो. काही युक्ती?
— रत्नागिरी

उत्तर : दीपमाळेत आधी उभा अक्ष काढा, मग डोळ्याच्या पातळीची आडवी रेषा. तिथलं कडं सरळ रेघ दिसतं. त्याच्या वरची कडी वर फुगतात, खालची खाली, आणि रेषेपासून जितकं लांब तितका फुगवटा जास्त. सगळ्या कड्यांना एकच बाक दिला की दीपमाळ कलल्यासारखी वाटते. चौथऱ्याचं कडं सगळ्यात खाली, डोळ्यापासून दीडएक मीटरवर, म्हणून त्याचा बाक स्पष्ट हवा. लंबवर्तुळाची टोकं गोल ठेवा, टोकदार करू नका.

कौलं मोजून काढायची नाहीत. मंगलोरी कौलाला एका चौरस मीटरला साधारण पंधरा लागतात, लहानशा घराच्या छपरावरही हजारभर होतात. पाखाची बाहेरची कड, म्हणजे पागोळ्या पडतात ती ओळ, नीट काढा, एकेक कौल दाखवून. मग उताराच्या दिशेने थोड्या रेघा, पाख जसजसं मागे जाईल तसतशा जवळ. आडव्या ओळी फक्त सावलीच्या बाजूला, तुटक. उन्हातला भाग कोरा सोडा. जांभ्याच्या भिंतीलाही हेच लागू : कोपऱ्यातले आणि दाराभोवतीचे चिरे दाखवा, मधली भिंत मोकळी. भोकं दाखवायला ठिपके टाकायचे तर ते ओलसर, सावलीच्या जागी.

प्रश्न : डावखुरी आहे. शीट पूर्ण होईपर्यंत काळी होते.
— पणजी

उत्तर : उजवीकडून डावीकडे काढत या, वरून खाली. तळहाताखाली कोरा ट्रेसिंगचा तुकडा ठेवा आणि तो सरकवू नका, उचलून ठेवा. दिवा उजवीकडे लावा, नाहीतर हाताची सावली रेषेवर पडते. ड्राफ्टर घेताना डाव्या हाताला चालेल असा मागा. बऱ्याच दुकानांत तो ठेवत नाहीत, अशा वेळी पॅरलल बार सोयीचा, तो दोन्ही हातांना सारखाच. पावसाळ्यात गोव्यात ट्रेसिंगवरची शाई वाळायला वेळ लागतो, म्हणून पेनच्या शीटला प्रत्येक पट्टा वाळल्यावरच पुढे सरका. डाग पडलाच तर ब्लेडच्या कडेने हलकेच खरवडा आणि ती जागा नखाने घासून गुळगुळीत करा, म्हणजे पुन्हा ओढलेली रेषा फुटत नाही.